अर्धेलीचा कॅसिनो आणि तिसऱ्या जागेचं गणित

कॅसिनोवाला राजकारणात उतरला म्हटलं की आपल्या डोक्यात चित्र तयारच असतं. मतदानाच्या आदल्या रात्री फिरणारी पाकिटं, दिमतीला चार गाड्या, आणि निवडून आल्यावर आपल्याच धंद्याला सोयीचा कायदा. मकावच्या चान मेंग काम यांच्याबद्दल वाचायला बसलो तेव्हा मीही हेच धरून चाललो होतो. पण वाचता वाचता अडकलो तो एका भागाकारात. २६,४२६ भागिले ४. हा भागाकार कळला की त्यांचं यश कळतं, त्याची मर्यादाही कळते. म्हणून हा लेख.

आधी मकाव. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं जेमतेम ३३ चौरस किलोमीटरचं शहर, वस्ती सात लाखांच्या आत. पोर्तुगीजांनी ते २० डिसेंबर १९९९ ला चीनच्या हवाली केलं. आपल्याशी त्याचं जुनं नातं आहे. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्यातून चाले. पणजीत बसलेला गव्हर्नर तिकडच्याही नेमणुकांवर सह्या करायचा. आज दोन्हीकडे कॅसिनो आहेत, हा योगायोग म्हणा किंवा काहीही. पण मांडवीतल्या बोटी आणि मकाव यांची तुलना म्हणजे टपरी आणि मोंढ्याची तुलना. २०१३ साली मकावच्या कॅसिनोंनी जुगाऱ्यांकडून ३६,०७० कोटी पटाका मिळवले. पटाका हे तिथलं चलन. लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरचे सगळे कॅसिनो मिळून त्या वर्षी जे कमावत होते, त्याच्या सातपट ही रक्कम भरते.

हे सगळं चार दशकं एका माणसाच्या मुठीत होतं. १९६२ साली स्टॅन्ली हो यांच्या कंपनीला जुगाराचा मक्ता मिळाला, आणि शतक संपेपर्यंत मकावमध्ये दुसरा कोणी कायदेशीर डाव मांडू शकत नव्हता. २००२ मध्ये सरकारने मक्ता मोडला आणि तीन परवाने दिले: एक हो यांच्याच नव्या कंपनीला (तिला सगळे एसजेएम म्हणतात), एक गॅलक्सीला, एक अमेरिकेच्या विनला. पुढे या तिघांनी एकेक पोटपरवाना दिला आणि संख्या सहावर गेली. दुसरं मोठं कारण सीमेपलीकडचं. २००३ च्या जुलैपासून चीनमधल्या ठरावीक भागांतल्या लोकांना टूर कंपनीच्या गटात न जाता, एकट्याने मकावला यायची मुभा मिळाली. चीनच्या मुख्य भूमीवर कॅसिनोला बंदी आहे. भूक कोट्यवधींची आणि खानावळ एकच. २००६ मध्ये मकावने वेगासला मागे टाकलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. परवाने सहाच, मग मकावमध्ये एके काळी चाळीसच्या आसपास कॅसिनो आणि डझनावारी कॅसिनोमालक कसे होते? याचं उत्तर म्हणजे तिथले 'सॅटेलाइट' कॅसिनो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा प्रकार चटकन कळेल, कारण ही सरळसरळ अर्धेली होती. सातबारा एकाच्या नावावर, कसणारा दुसरा. इथे सातबारा म्हणजे परवाना. तो एसजेएमसारख्या कंपनीकडे. हॉटेल बांधणारा, दिवे लावणारा, गिऱ्हाईक आणणारा, तोटा झाला तर रडणारा माणूस वेगळा. टेबलावर पत्ते वाटणारे कर्मचारी परवानाधारकाच्या नावावर असत, चिप्सही (पैशांऐवजी खेळायच्या चकत्या) त्याच्याच. हिशेब साधारण असा: टेबलावर १०० पटाका जिंकले तर करापोटी ३९ सरकारजमा होत (३५ टक्के मुख्य कर आणि वरचे छोटे उपकर). त्यानंतर परवानाधारक आपला वाटा कापून घेई. उरलेलं जागामालकाचं, आणि त्यातूनच त्याने वीज, पगार, गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालांचं कमिशन भागवायचं. पीक चांगलं आलं तर चैन. पण जमीन कधीच आपली नाही.

चान मेंग काम हे अशा अर्धेलीवाल्यांपैकी एक. १९६२ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातल्या जिनजियांग भागात जन्म. म्हणजे ज्या वर्षी हो यांना मक्ता मिळाला, त्याच वर्षी. तरुणपणी मकावला आले, जमीनजुमल्याच्या धंद्यात पाय रोवले आणि 'गोल्डन ड्रॅगन' या नावाने हॉटेल व कॅसिनो उभे केले. परवाना एसजेएमचा. बंदराजवळच्या जुन्या भागात असे सॅटेलाइट कॅसिनो दाटीने उभे होते. प्रत्येकाच्या दाराशी दोन-तीन सोनं आणि घड्याळं गहाण ठेवून घेणारी दुकानं, एखादं नूडल्सचं हॉटेल, आणि रात्रभर चालू असलेले दिवे.

२००५ साली ते विधानसभेच्या निवडणुकीला उभे राहिले. त्या वर्षी उमेदवारांत जुगाराच्या धंद्यातली मंडळी बरीच होती. हो यांच्या चौथ्या पत्नी अँजेला लियाँग पहिल्यांदा निवडून आल्या त्या याच निवडणुकीत. लँडमार्क हॉटेलातल्या कॅसिनोचे डेव्हिड चाऊ तर त्याआधीपासूनच आमदार होते. याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जुगारावरच्या करातून येतो. तेजीच्या वर्षांत तो तीन चतुर्थांशांच्याही वर गेला. २००८ पासून सरकार दरवर्षी रहिवाशांच्या खात्यात रोख रक्कम टाकतं. कायम रहिवाशाला आता १०,००० पटाका मिळतात, आणि सगळ्यांना ठाऊक असतं की ते पैसे कुठल्या टेबलावरून आले. पत्ते वाटायचं काम फक्त स्थानिकांनाच मिळतं, असं सरकारचं धोरण आहे. म्हणजे घरटी एखादी मावशी, एखादा भाचा कॅसिनोत. सांगलीत साखर कारखान्याचा चेअरमन आमदार होतो, तेव्हा कुणी भुवया उंचावतं का?

पण पैसा सगळ्याच कॅसिनोवाल्यांकडे होता. चान इतरांच्या पुढे गेले ते गाववाल्यांमुळे. मकावमध्ये राजकीय पक्ष नाहीत. पक्षांसाठी कायदाच नाही. आहेत ती मंडळं. गल्लीगल्लीत, हजारोंनी. गावाचं मंडळ, आडनावाचं मंडळ, धंद्याचं मंडळ, अमुक देवळाचं मंडळ. निवडणूक आली की यातलीच काही एकत्र येऊन उमेदवारांची यादी नोंदवतात. गिरणगावातल्या चाळींच्या खोल्या ज्यांना आठवतात, 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' अशा पाट्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गावाहून पोरगा आला की मंडळाच्या खोलीत पथारी, नोकरी लागेपर्यंत खानावळीची उधारी, घरी मयत झालं तर वर्गणी. फुजियानहून १९७० आणि ८० च्या दशकांत मकावला आलेल्यांचा समाज मोठा आहे. बोली वेगळी, म्हणून सुरुवातीला कँटोनीज बोलणाऱ्या जुन्या मकावकरांत जरा उपरे. चान यांनी या समाजाची मंडळं एकत्र गुंफली. वयस्करांची जेवणं, शिष्यवृत्त्या, सहली, सणाच्या मेजवान्या असं वर्षभर चालू. अशा मेजवानीत सेवा कुठे संपते आणि मतांची बेगमी कुठे सुरू होते, हे ठरवणं तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयुक्तालयालाही सोपं गेलेलं नाही. मतांसाठी काही देणं हा तिथेही गुन्हाच आहे, आणि दर निवडणुकीत तक्रारीही होतात. आपल्याकडच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात स्टीलचे डबे वाटले जातात, त्याच जातीचा हा प्रश्न आहे.

२००५ मध्ये चान यांच्या यादीला दोन जागा मिळाल्या. २००९ मध्ये पुन्हा दोन. आणि १५ सप्टेंबर २०१३ ला तीन.

दोनाचे तीन झाले, यात काय एवढं? तर आता तो भागाकार.

मकावमध्ये मत माणसाला नाही, यादीला देतात. थेट निवडून द्यायच्या जागा २०१३ मध्ये १४ होत्या आणि संपूर्ण शहर मिळून एकच मतदारसंघ. कुठल्या यादीला किती जागा, हे ठरवायला प्रत्येक यादीच्या मतांना ओळीने भागत जातात आणि जे आकडे येतात त्यातले सगळ्यात मोठे १४ निवडतात. बेल्जियमच्या डोंट नावाच्या कायदेपंडिताची ही पद्धत जगात अनेक देश वापरतात. तिथे भाजक असतात १, २, ३, ४. म्हणजे तिसरी जागा हवी तर साधारण तिप्पट मतं लागतात. न्याय्य वाटतं. मकावने मात्र त्यात एक पाचर मारून ठेवली. तिथले भाजक आहेत १, २, ४, ८. दुसऱ्या जागेला दुप्पट मतं, तिसरीला चौपट, चौथीला आठपट!

हाताने करून बघा. २०१३ मध्ये चान यांच्या यादीला २६,४२६ मतं पडली. सगळ्या याद्यांत सर्वाधिक. भागिले १ म्हणजे २६,४२६, पहिली जागा. भागिले २ म्हणजे १३,२१३, दुसरी जागा. भागिले ४ म्हणजे ६,६०६. त्या वर्षी शेवटच्या जागा साडेसहा हजारांच्या जरा वर सुटल्या. चान यांचा तिसरा आकडा त्या रेषेच्या वर जेमतेम तरंगला. काहीशे मतदार घरी झोपून राहिले असते तर ती जागा हलली असती.

या पद्धतीत मोठ्या यादीला मुद्दामच शिक्षा होते. एकाच गटाने सभागृह व्यापू नये हा त्यामागचा हिशेब, आणि म्हणून एखाद्या यादीला तीन जागा मिळणं जवळजवळ अशक्य धरलं जाई. हस्तांतरणानंतर ते पहिल्यांदा घडलं ते याच निवडणुकीत, आणि घडवलं एका कॅसिनोवाल्याने. लोकशाहीवादी गटाला २००५ मध्ये सगळ्यात जास्त, २३ हजारांवर मतं पडली होती, तरी जागा दोनच. ते शहाणे झाले. २००९ मध्ये त्यांनी आपल्या यादीचे दोन तुकडे केले, मतदारांनाही अर्धे-अर्धे वाटून घ्यायला सांगितलं, आणि तीन जागा काढल्या. २०१३ मध्ये त्यांनी तीन तुकडे केले आणि तिथे घसरले. एक जागा गेली.

चान यांनी त्या वर्षी तुकडे केले नाहीत. मला वाटतं, त्यांना एक सलग मोठा आकडा दाखवायचा होता. मतांचा आकडा हे मकावमध्ये बीजिंगला दाखवायचं प्रगतिपुस्तक असतं. नाहीतर गणिताने वेगळं सुचवलं असतं. हीच २६,४२६ मतं दोन याद्यांत बरोबर अर्धी वाटली असती तर? १३,२१३ आणि १३,२१३. दोघांचे पहिले आकडे आत, आणि दोघांचे निम्मे, म्हणजे ६,६०६, तेही आत. चार जागा! पत्त्याच्या टेबलावर बसणाऱ्याला हे दिसलं नसेल असं मानणं कठीण आहे. पण अनोळखी तेरा-तेरा हजार माणसांना "तू अमक्या यादीला दे, तू तमक्या" असं नेमकं वाटून देणं हे कागदावर सोपं. जरा इकडचं तिकडे झालं की चाराचे तीन. तिसरी जागा म्हणजे सोंग पेक केई या तरुण उमेदवाराची. दुसरे सी का लोन. तिघांतले दोघे पुढच्या पिढीचे, हेही लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. तीन जागा मिळाल्या म्हणजे हाती काय आलं? विधानसभेत एकूण ३३ जागा. त्यातल्या १४ थेट लोकांच्या मतांनी. १२ जागा व्यापारी, कामगार, व्यावसायिक, क्रीडा-संस्कृती वगैरे मंडळांमार्फत, आणि २०१३ मध्ये तिथे चुरस नावालाही नव्हती. उरलेल्या ७ मुख्य प्रशासकाने नेमायच्या. मुख्य प्रशासक म्हणजे तिथला मुख्यमंत्री समजा, पण त्याची निवड ४०० जणांची समिती करते आणि नेमणुकीचं पत्र बीजिंगहून येतं. शिवाय मूलभूत कायद्याचं, म्हणजे मकावच्या छोट्या राज्यघटनेचं, ७५ वं कलम. त्यानुसार आमदाराला सरकारी खर्च, राजकीय रचना आणि सरकारी यंत्रणा यांबद्दल विधेयक मांडताच येत नाही, आणि सरकारच्या धोरणाला हात लावणारं विधेयक मांडायचं तर मुख्य प्रशासकाची लेखी परवानगी आधी लागते. उरतं काय? प्रश्न विचारणं. घरांच्या किमती, बस, परदेशी कामगार, रिकाम्या पडलेल्या सरकारी जमिनी. ते काम चान यांच्या गटाने भरपूर केलं. सरकारवर तोंडसुख घेणारा कॅसिनोमालक, हे दृश्य तिथे नवं नव्हतं.

म्हणजे धंदा अर्धेलीचा आणि आमदारकीही अर्धेलीचीच. दोन्हीकडे कसणारे हे, सातबारा दुसऱ्याचा.

या जागेचा खरा उपयोग कायदा करण्यात नसून दारात उभं राहण्यात असतो. चान २०१४ च्या अखेरीस मुख्य प्रशासकाच्या कार्यकारी परिषदेवर गेले. बीजिंगच्या राष्ट्रीय राजकीय सल्लागार परिषदेतही ते होते. २६ हजार मतं ज्याच्या पाठीशी आहेत त्याला विचारून घ्यावं लागतं, एवढीच त्या मतांची किंमत, पण ती कमी नाही. हितसंबंधांचं काय, असा प्रश्न इथे यायलाच हवा. कॅसिनोत धूम्रपान बंद करायचं की नाही, यावर तिथे कित्येक वर्षं खल चालला. कामगारांना बंदी हवी होती, मालकांना ती नको होती, कारण सिगारेट ओढायला उठलेला जुगारी परत टेबलावर येईलच याची खात्री नसते. २०१४ मध्ये सामान्य दालनांत बंदी आली आणि शेवटी तडजोड निघाली ती बंद काचेच्या खोल्यांची. या चर्चेला बसलेल्यांत मालकही होते, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. मकावकरांना त्याचं फारसं वावडंही दिसलं नाही.

२०१७ च्या निवडणुकीला चान स्वतः उभे राहिले नाहीत. आणि या वेळी त्यांच्या गटाने तुकडे केले. एका यादीवर सी का लोन, दुसरीवर सोंग पेक केई. दोघेही निवडून आले. तिसरी जागा मात्र हाती लागली नाही.

तोवर धंद्याची हवाही बदलली होती. २०१४ पासून चीनमधल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेमुळे बडे जुगारी आटले. मग करोना आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मकावचा सगळ्यात मोठा जुगारदलाल आल्विन चाऊ पकडला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. दलालांची साखळी तुटली की सर्वांत आधी लंगडतो तो सॅटेलाइटवाला. २०२२ साली जुगाराचा कायदाच नव्याने लिहिला गेला. पहिल्या मसुद्यात होतं की सॅटेलाइट कॅसिनोची इमारत तीन वर्षांत परवानाधारकाच्या मालकीची झाली पाहिजे. विधानसभेत बरीच खळखळ झाली आणि मालकीची अट सैल झाली. पण उत्पन्नातला वाटा मात्र बंद. जागामालकाने हवं तर व्यवस्थापक म्हणून ठरावीक मेहनताना घ्यावा आणि गप्प बसावं. थोडक्यात, अर्धेलीवाल्याला सालगडी केलं. मुदत ३१ डिसेंबर २०२५.

आपल्याकडे याच्या उलट असतं बघा. गोव्यात विरोधी बाकांवर असताना मांडवीतल्या बोटी हटवायची भाषा आणि सत्तेवर आल्यावर मुदतवाढ, हे इतक्यांदा झालंय की पणजीकर आता हसतही नाहीत. महाराष्ट्राची तऱ्हा तर आणखी न्यारी. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा आपण १९७६ मध्ये करून ठेवला, एक दिवसही अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये तो मोडीत काढायचा निर्णय घेतला. सत्तेचाळीस वर्षं नुसता कागद.

मकावमध्ये मुदत म्हणजे मुदत. जून २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की उरलेले ११ सॅटेलाइट कॅसिनो वर्षअखेरपर्यंत हे रूप सोडतील. एसजेएमने दोन आपल्याकडे घ्यायचं ठरवलं, बाकीच्यांच्या टेबलांवर कापड पडायला सुरुवात झाली. पत्ते वाटणाऱ्यांना मूळ कंपन्यांनी सामावून घ्यायचं ठरलं, कारण कागदोपत्री ते आधीपासून त्यांचेच. विधानसभेत प्रश्न उठले ते बंदराजवळच्या त्या जुन्या भागातल्या दुकानदारांबद्दल. गहाणवटीची दुकानं, नूडल्सची हॉटेलं, रात्रपाळीवाल्यांना चहा देणारे. ते ना कुणाच्या परवान्यावर होते, ना कुणाच्या नावावर.